हापूसमधला साका: १२० फळांत १८ निघाली, तर कॉन्फिडन्स इंटरव्हल नक्की काय सांगतो?

आंबेवाला_भाचा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी मनावर घ्या.

माझ्या मामाची देवगडजवळ कलमं आहेत. सीझनला मी त्याच्या पेट्या पुण्यात आणून कर्वेनगर आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये विकतो, नोकरी सांभाळून जमेल तेवढं. ह्या वर्षी पहिल्या लॉटनंतर साक्याच्या तक्रारी आल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे फळ वरून एकदम झकास, रंग आलेला, वास सुटलेला, आणि कापलं की आत कोयीजवळ पांढुरका स्पंजासारखा आंबट गर. बाहेरून कळत नाही, ना वासावरून ना दाबून, हीच तर गोची आहे. कापल्याशिवाय कळणार नाही आणि कापलं की विकता येणार नाही.

म्हणून दुसरा लॉट आल्यावर म्हटलं अंदाज तरी घेऊ. लॉट ६० पेट्यांचा, सगळ्या ५ डझनी, म्हणजे ३६०० फळं. त्यातल्या ५ पेट्या उघडल्या, प्रत्येकीतून २ डझन कापली, एकूण १२०. (आईने चांगल्या फळांचा रस करून फ्रीजरला टाकलाय, वाया काही नाही गेलं.) १८ फळांत साका निघाला, म्हणजे १५ टक्के.

कॉलेजात शिकलेला फॉर्म्युला आठवून लावला: ०.१५ गुणिले ०.८५ भागिले १२०, त्याचं वर्गमूळ ०.०३२६, गुणिले १.९६ म्हणजे साधारण ६.४ टक्के. तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यावरून काढलेला अंदाजाचा पट्टा, आला ८.६ ते २१.४ टक्के.

आता शंका. "लॉटमधलं साक्याचं खरं प्रमाण ८.६ ते २१.४ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के" असं म्हणू का? मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे शंभरातल्या ९५ पेट्यांत साका एवढ्याच्या मध्ये असणार ना, मला तेही पटेना पण का पटेना ते सांगता येईना. आणि मुख्य म्हणजे साका निघाला तर फळ बदलून देतो असं मी कबूल केलंय, तर बदलीसाठी किती पेट्या बाजूला ठेवू? १५ टक्के धरले तर ५४० फळं, म्हणजे ९ पेट्या.

खडूस_पुणेकर

५ डझनीच्या पेटीत ९ फळं खराब आणि वर त्याचं गणित. पायरी खा, सुखी राहा.

बाय द वे, बदली म्हणून जी फळं देणार त्यांतही १५ टक्के साका असणारच की, त्या बदलीची बदली कोण देणार?

वर्गमूळ

खडूसरावांचा दुसरा मुद्दा चेष्टेत असला तरी बरोबर आहे, ९ ऐवजी ५४० भागिले ०.८५ करा, साधारण ६३५ फळं, साडेदहा पेट्या. पण त्याआधी बाकीचं बघू.

आकडेमोड बरोबर आहे. अर्थाचं सांगतो. ह्या ६० पेट्यांत साका असलेली फळं आत्ता जेवढी आहेत तेवढी आहेत, आपल्याला माहीत नाही एवढंच. त्यामुळे तो आकडा "८.६ ते २१.४ मध्ये असण्याची शक्यता" वगैरे काही नसते, तो एकतर आत आहे किंवा नाही. बदलतो तो तुमचा इंटरव्हल. तुमच्या हाताला दुसरी १२० फळं लागली असती तर १८ च्या जागी १३ किंवा २४ निघाली असती आणि इंटरव्हल सरकला असता. अशी निवड पुन्हा पुन्हा हजार वेळा केली आणि दर वेळी हाच फॉर्म्युला लावला तर साधारण ९५० इंटरव्हल खऱ्या आकड्याला पोटात घेतील आणि ५० चुकतील. ९५ टक्के हा त्या पद्धतीचा रेकॉर्ड आहे. तुमच्या हातातला इंटरव्हल त्या ९५० मधला की ५० मधला हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात ही मांडणी केली तेव्हाच हे स्पष्ट लिहिलं होतं, तरी आजही निम्मी जनता उलटंच वाचते.

तुम्हाला "शक्यता ९५ टक्के" असंच म्हणायचं असेल तर बेझियन पद्धतीने करा, तिथे आधी काय माहीत होतं ते धरून तसं बोलता येतं. आधी काहीच माहीत नाही, शून्यापासून शंभरपर्यंत कुठलंही प्रमाण सारखंच शक्य, असं धरलं तर आकडे फारसे वेगळे येणार नाहीत, १० ते २२.५ च्या आसपास येईल. पण मग मामांचा अनुभव त्यात घालावा लागेल, आणि मामा म्हणणार आमच्या बागेत साका नसतोच :)

तुम्ही वापरलाय तो वॉल्डचा इंटरव्हल. सगळ्या पुस्तकांत पहिला तोच येतो आणि तोच सगळ्यांत कच्चा. ब्राउन, काय (Cai) आणि दासगुप्ता ह्या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की नमुना बऱ्यापैकी मोठा असला तरी तो ९५ टक्के म्हणून प्रत्यक्षात कमीच वेळा बरोबर ठरतो, आणि प्रमाण शून्याच्या किंवा शंभराच्या जवळ गेलं की फारच घसरतो. त्यापेक्षा विल्सनचा वापरा, १९२७ पासून आहे. तुमच्या आकड्यांवर तो ९.७ ते २२.५ येतो. विल्सनचा फॉर्म्युला लांबलचक वाटला तर अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांची १९९८ ची युक्ती आहे: साका असलेली २ आणि नसलेली २ अशी चार काल्पनिक फळं मिळवा आणि मग नेहमीचाच फॉर्म्युला लावा. १८ च्या जागी २०, १२० च्या जागी १२४. ९.७ ते २२.६ येतं. कागदावर दोन मिनिटांचं काम.

मामांच्या वाक्याबद्दल बोलण्याआधी एक विचारतो. पाच पेट्यांचे वेगवेगळे आकडे लिहून ठेवलेत का?

बाणेरवासी

मला नाही पटत एवढा साका असेल. मी ह्या वर्षी देवगडचाच एक डझन आणला, दुसऱ्याकडून, बाराच्या बारा फळं स्वच्छ निघाली. फॉर्म्युल्यात घातलं तर शून्य गुणिले एक, म्हणजे मार्जिन पण शून्य. ०% प्लस मायनस ०. म्हणजे आमच्याकडे साका नाहीच, शंभर टक्के गॅरंटी ना?

वर्गमूळ

@बाणेरवासी, वॉल्ड कच्चा म्हणतो तो ह्याचसाठी. शून्य निघाले की तो डोळे मिटून "चूक शून्य" म्हणतो.

शून्याच्या केससाठी तोंडी हिशोब आहे, ३ भागिले नमुना. १२ फळं, शून्य साका, तर वरची मर्यादा ३/१२ म्हणजे २५ टक्के. (नेमका हिशोब केला तर २२ टक्के येते, छोट्या नमुन्याला हा नियम थोडा जास्त सांगतो, ३० च्या पुढे छान जमतो.) म्हणजे ज्याच्याकडून आणलात त्याच्या मालात पाचातलं एक फळ साक्याचं असलं तरी तुम्हाला बाराच्या बारा चांगली मिळू शकतात, ०.८ चा बारावा घात करून बघा, जवळपास ७ टक्के येतं, अगदीच अशक्य नाही. "साका नाहीच" म्हणायला बारा फळं कुठेच पुरत नाहीत.

आंबेवाला_भाचा

वर्गमूळ सर धन्यवाद, आहेत आकडे लिहिलेले. प्रत्येक पेटीतून २४ कापली त्यात

पेटी १: १
पेटी २: ०
पेटी ३: ११
पेटी ४: २
पेटी ५: ४

तिसरी पेटी उघडली तेव्हा आईने सुरीच खाली ठेवली होती.

वर्गमूळ

वाटलंच होतं. आता खरी गंमत.

आधी मामांचं वाक्य. पेटीनिहाय टक्के ४.२, ०, ४५.८, ८.३, १६.७. तुमचा पहिला इंटरव्हल ८.६ ते २१.४, त्यात पाचपैकी एकच पेटी बसते, शेवटची. म्हणजे "९५ टक्के पेट्या ह्याच्या आत" हे तुमच्याच आकड्यांनी खोडून काढलं. इंटरव्हल अख्ख्या लॉटच्या सरासरी प्रमाणाबद्दल बोलतो, एकेका पेटीबद्दल अवाक्षर काढत नाही. उद्या तुम्ही २००० फळं कापलीत तर इंटरव्हल अरुंद होऊन १४ ते १६ वगैरे होईल, पण पेट्या आहेत तशाच राहतील, एक शून्याची आणि एक पंचेचाळीसची.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तो फॉर्म्युला, वॉल्ड असो की विल्सन, असं धरून चालतो की १२० फळं ३६०० मधून एकेक करून चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलली आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुम्ही उचलल्या आहेत ५ पेट्या. एका पेटीतली फळं बहुतेक एकाच भागातली, एकाच दिवशी उतरवलेली, एकाच आढीत पिकलेली, त्यामुळे एकात साका असला की शेजारच्यात असण्याची शक्यता वाढते. तिसऱ्या पेटीतलं बारावं फळ कापून तुम्हाला नवीन असं फारसं काही कळलंच नाही, पहिल्या सहा-सातांनी ते आधीच सांगून टाकलं होतं.

मग पेटी हाच एक नमुना धरा. पाच आकडे: १, ०, ११, २, ४. सरासरी ३.६. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक, त्याचा वर्ग, बेरीज ७७.२, भागिले ४ म्हणजे १९.३, वर्गमूळ ४.३९. ते ५ च्या वर्गमुळाने भागा, १.९६ आलं (१.९६ बघून दचकू नका, हा योगायोग आहे, तुमच्या फॉर्म्युल्यातल्या १.९६ शी संबंध नाही). २४ ने भागलं की ०.०८२. ही तुमची खरी स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुना बदलला की अंदाज साधारण किती इकडेतिकडे होईल ते. आधी काढली होती ०.०३३, म्हणजे अडीच पट फरक. वर्ग केला तर सहा पटीच्या थोडं वर, ह्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. १२० ला ६.३ ने भागा: तुमची १२० फळं सुटी निवडलेल्या १९ फळांएवढीच माहिती देतात.

आणि पाचच पेट्या असल्यामुळे १.९६ सुद्धा चालणार नाही, टी-टेबलमधला ४ डिग्रीचा (पेट्यांपेक्षा एक कमी) आकडा घ्यायचा, २.७७६. मार्जिन आलं जवळजवळ २३ टक्के. ६० पैकी ५ पेट्या बघितल्यात म्हणून किंचित कमी होईल, २२ धरा. इंटरव्हल: खालची बाजू शून्याच्या खाली जाते म्हणून शून्य, वरची ३७. एवढ्या थोड्या आणि एकीकडे झुकलेल्या आकड्यांवर हाही ठोकळ अंदाजच, पण ८.६ ते २१.४ पेक्षा प्रामाणिक.

म्हणजे ९ पेट्या बाजूला ठेवायच्या की २२ (६० चे ३७ टक्के), हे ह्या डेटावरून ठरत नाही.

खडूस_पुणेकर

१२० हापूस कापून उत्तर काय तर "शून्य ते सदतीस". एवढं तर मी न कापता सांगितलं असतं.

पाटी_पुसणारा

खडूसराव, तुम्ही न कापता सांगितलं असतं त्याला अंदाजपंचे म्हणतात.

मी निवृत्त माणूस, आयुष्य सरकारी पाहण्यांत गेलं, म्हणून चार ओळी. हा पेटीचा घोळ आंब्यापुरता नाही. पिकाचा अंदाज काढायला पीककापणी प्रयोग करतात त्यात आधी गावं निवडतात, मग गावातली शेतं, मग शेतातला एक छोटा तुकडा मोजून तेवढंच पीक कापून तोलतात. आता एकाच शेतात दहा तुकडे कापले तर कष्ट दहापट, माहिती मात्र थोडीच वाढते, कारण त्या शेताची माती, पाणी, बियाणं सगळं एकच. म्हणून गावं जास्त घ्या आणि शेतात कमी कापा. आपल्याकडे हे शास्त्र बसवणाऱ्यांत पांडुरंग सुखात्मे फार मोठं नाव. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० च्या दशकात लंडनला जाऊन नेमन आणि ईगॉन पीअर्सन ह्यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन कृषी संशोधन परिषदेत गहू-भाताच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पद्धतीने काढायला लावले. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि शेवटी पुण्यात येऊन राहिले. वर ज्या नेमनचा उल्लेख आला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस आपल्या शेतांत पोचला होता, आणि आपण मात्र अजून १.९६ पाठ करून बसलोय.

भाचेबुवा, आणखी एक विचारतो. त्या पाच पेट्या कशा निवडल्या? टेम्पोतून उतरवताना ज्या वर होत्या त्याच उघडल्यात ना?

आंबेवाला_भाचा

काका बरोबर ओळखलंत, दाराजवळच्या पाच. एकावर एक रचलेल्या होत्या, खालची कोण काढणार.

पाटी_पुसणारा

मग त्या बहुतेक शेवटी भरलेल्या, शेवटी चढवलेल्या. आत वेगळा माल असेल तर वॉल्ड, विल्सन, टी, कोणीही वाचवणार नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल फक्त नशिबाने इकडेतिकडे झालेला फरक मोजतो, निवडच एका बाजूची असेल तर ते त्याच्या हिशोबातच येत नाही. पेट्यांना १ ते ६० नंबर टाका, चिठ्ठ्या काढा, आणि निघालेला नंबर सगळ्यांत खाली असला तरी तोच काढा. तक्रारींवरून प्रमाण काढायचा मोहही टाळा, ज्याचं फळ चांगलं निघालं तो गपचूप रस खातो, फोन करत नाही.

आंबेवाला_भाचा

कळलं. मग तिसऱ्या लॉटला कसं करू? १२० च्या वर फळं कापणं परवडणार नाही, आणि लोकांना पेटी उघडलेली चालत नाही, ५ डझनीत ५८ निघाली तर तेवढ्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत होतं.

वर्गमूळ

१२० च ठेवा, फक्त पसरवा. तुमच्या आकड्यांवरून एका पेटीतल्या फळांचं आपसातलं साम्य ०.२३ च्या आसपास येतं (पाच पेट्यांवरून काढलंय, फार विश्वास नको). ते धरून, २० पेट्या चिठ्ठीने काढून प्रत्येकीतून ६ फळं घेतली तर मार्जिन ९ टक्क्यांच्या आसपास. आणि ६० च्या ६० पेट्यांतून फक्त २-२ घेतली तर ५.५ टक्के. फळं तेवढीच, १२०. सगळ्याच पेट्यांत हात घातला की पेट्या-पेट्यांमधला फरक चुकीत धरावाच लागत नाही, म्हणून ते सुट्या निवडीपेक्षाही थोडं सरस पडतं.

पेटी फोडायचा प्रश्न मामांकडेच सोडवा. पेटी भरतानाच प्रत्येकीच्या वाट्याची दोन फळं जास्तीची, न निवडता, हाताला येतील ती बाजूला काढायची, त्यावर पेटीचा नंबर टाकायचा, पेटीत ६० पूर्ण भरायची. ती १२० वेगळी आढी घालून पिकवायची आणि मग कापायची. मामांना मात्र बजावून ठेवा की बारकी किंवा डागी बघून काढायची नाहीत, माणूस नकळत तेच करतो.

आणि बाजूला ठेवायच्या पेट्या ठरवताना मधला आकडा घेऊ नका, वरचं टोक घ्या. १५ धरून तयारी केली तर जवळपास निम्म्या वेळा कमी पडेल.

बाणेरवासी

ह्या १२० मध्ये रस किती डबे निघाला आणि तो विकायला आहे का, एवढंच सांगा

आंबेवाला_भाचा

रस घरचा आहे, आई देणार नाही.

सर एक शेवटचं. मामाशी परत बोललो. तो म्हणाला ती तीन नंबरची पेटी उशिरा उतरवलेल्या फळांची असणार. एरवी तो चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झालं की उतरवतो, पण मध्ये चार दिवस गडी मिळाले नाहीत आणि काही फळ सोळा आणे होईपर्यंत झाडावरच राहिलं, आणि जास्त जून झालेल्या फळात साका जास्त येतो हे तो मान्य करतो. अशा सहाच पेट्या आहेत ६० मध्ये, बाजूला खूण केलेली आहे. मग ती पेटी हिशोबातून काढून टाकू का? उरलेल्या चारांत ९६ पैकी ७, म्हणजे ७.३ टक्केच येतं.

वर्गमूळ

आकडा आवडला नाही म्हणून काढायची नाही, ती सहा पेट्यांची फळं पण तुम्ही विकणारच आहात ना. पण ही माहिती सोन्यासारखी आहे, तिचा वापर करा. लॉटचे दोन गट पाडा, ५४ पेट्या वेळेवर उतरवलेल्या आणि ६ उशिराच्या. तुमच्या नमुन्यात उशिराची पाचात एक आली, लॉटमध्ये ती दहात एक आहे, म्हणजे तिचा आवाज दुप्पट झालाय. वजन लावून करा: ०.९ गुणिले ७.३ अधिक ०.१ गुणिले ४५.८, म्हणजे ११ टक्क्यांच्या थोडं वर. १५ नाही.

ह्या ११ ला इंटरव्हल मात्र आत्ता लावता येणार नाही, कारण उशिराच्या गटातली एकच पेटी उघडली आहे आणि एका पेटीवरून पेट्या-पेट्यांतला फरक कळत नाही. पेट्या अजून घरात असतील तर त्या सहांपैकी आणखी दोन चिठ्ठीने काढा, प्रत्येकीतून ५-६ फळं कापा, आणि वेळेवरच्यांतल्या आठ-दहा घेऊन त्यांतून ३-३. दोन्ही गटांची स्टँडर्ड एरर वेगवेगळी काढायची, प्रत्येकीचा वर्ग करून ०.८१ आणि ०.०१ ने (०.९ आणि ०.१ चे वर्ग) गुणायचं, बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं. आकडे आले की इथेच टाका, बघू. आणि उशिराच्या सहा पेट्या तोवर कोणाला देऊ नका.